सहादूचे रिपोर्ट

डॉक्टर मालिनीबाईंनी कोऱ्या कागदावर यकृत काढलं. एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला फुगीर. मग फुगीर भागावर तिरप्या रेघा मारल्या.

"हा भाग आपण तीन वर्षांपूर्वी काढला, सर. उरलेल्यावर तुमचं छान चाललं होतं. आता त्या उरलेल्यातच नवी गाठ आली आहे." त्यांनी एक गोळा काढला. "साडेतीन सेंटिमीटर. आणि नेमकी मोठ्या शिरेच्या कडेला."

झुंबरने नवऱ्याकडे पाहिलं. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. एरवी कोणी असं वेडंवाकडं काढलं असतं तर त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला असता. आज खंडेराव त्या गोळ्याकडे नुसते बघत होते.

"म्हणजे परत ऑपरेशन?" दीपकने विचारलं.

"ती एक वाट आहे. पण यकृत आधीच थोडं राहिलंय, आणि राहिलंय ते कावीळ 'बी'च्या विषाणूने कडक झालंय. त्यातलं आणखी कापलं तर बाकीचं शरीराला पुरेल की नाही, मला सांगता येत नाही. दुसरी वाट, बाहेरून सुई घालून गाठ जाळायची. छोट्या गाठीला ते उत्तम. ही मोठी आहे. शिवाय शिरेतलं वाहतं रक्त सुईची उष्णता ओढून नेतं, त्यामुळे कडेची गाठ जिवंत राहते आणि पुन्हा वाढते."

"आणि तिसरी?" निकिता म्हणाली. मांडीवर बोटं एकमेकांत अडकवून ती पुढे सरकून बसली होती.

"यकृतच बदलायचं. मरणोत्तर दान मिळेल म्हणून यादीत नाव घालून थांबण्याइतका वेळ मला दिसत नाही. घरातल्याच कोणीतरी आपल्या यकृताचा भाग द्यायचा. देणाऱ्याचं काही महिन्यांत भरून येतं. पण ठणठणीत माणसाला आपण टेबलावर घेतो, हे लक्षात घ्या. धोका कमी आहे, नाही असं मी म्हणणार नाही. ते मुंबईला करावं लागेल. आणि एक अट आहे. गाठ शिरेच्या आत शिरलेली नसली पाहिजे. आज ती शिरलेली नाही."

"आज," खंडेराव म्हणाले. एवढ्या वेळात त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द.

"हो सर. आज."

झुंबर मनातल्या मनात माणसं मोजू लागली. ती स्वतः एकोणसाठची, वरून साखर. आपलं घेणार नाहीत, हे तिला न विचारताच कळत होतं. दीपकचं वजन चौऱ्याण्णव. राहिली निकिता. निकिताची वेदिका अजून अडीच वर्षांची व्हायची होती. पोर पुढे झाली तर आपण तिला नको म्हणू का, असं झुंबरने स्वतःला विचारून पाहिलं. आणि आतून उत्तर आलं ते ऐकून तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

*

रविवारी दुपारी इंदिरानगरच्या घरी सगळे जमले. दीपकचा रिपोर्ट आदल्या दिवशीच आला होता. यकृतावर चरबी. तीन महिने वजन उतरवून बघू म्हणाले होते, पण तीन महिने कोणाकडे होते? रात्रीपासून त्याने नीट जेवण केलं नव्हतं, जणू एका उपासाने काही फरक पडणार होता. लाज वाटत होती त्याला, आणि लाजेपोटी तो मोठ्याने बोलत होता.

"निक्कीचा ब्लड ग्रुप जुळतो. वय एकोणतीस. तपासण्या तर सुरू करू. यात चर्चा कसली?"

"तुला सोपं आहे बोलायला," झुंबर म्हणाली.

"आई, माझं चाललं असतं तर मी इथं बसलो असतो का?"

"मी तेवढ्यासाठी नाही म्हणत रे. तिचं लेकरू लहान आहे. योगेशरावांनाही विचारायला हवं की नको?"

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. योगेश अंबडच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून तसाच आला होता. हा नाही म्हणेल, अशी दीपकची खात्री होती. उत्तराला काय बोलायचं तेही त्याने जुळवून ठेवलं होतं.

"मला का विचारताय?" योगेश म्हणाला. "पोट तिचं कापणार. ती हो म्हणाली तर मी दोन महिने रजा टाकतो, वेदिकाला मी बघतो. ती नको म्हणाली तर मात्र तिला कोणी परत विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, दीपकभाऊ."

जुळवून ठेवलेलं सोडून दीपकने पाण्याचा तांब्या योगेशकडे सरकवला.

"मी हो म्हणालेच आहे," निकिता म्हणाली. "अप्पांना विचारा."

खंडेराव खिडकीपाशी बसले होते. "मला नको," ते म्हणाले. "तुझं मला नको. मालिनीबाईंना सांगा, पुन्हा कापा. निघालं तर निघालं."

"अप्पा, त्या काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

इतक्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज आला. दारात सहादूकाका उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. या घराचा उंबरा त्याने नऊ वर्षांत ओलांडला नव्हता. आजीच्या, बायडाबाईच्या पोटात पाणी झालं तेव्हा सहादू म्हणत होता नाशिकला न्या, आणि अप्पांनी तिला त्र्यंबकच्या बाजूला झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे दीड महिना नेलं. आजी गेली त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. अप्पांच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काका दवाखान्यात आला होता, पण खाली चहाच्या टपरीवर बसून, दीपककडून बातमी घेऊन, तसाच गावी, सायखेड्याला, परत गेला होता.

"वहिनींचा फोन आला व्हता," सहादू म्हणाला. कोणी बस म्हणायच्या आत तो खाली सतरंजीवर बसला. "रक्त माझं बी तेच हाय, बी पॉझिटिव्ह. शाळेत तपासलं व्हतं. माझं घ्या. द्राक्षाच्या बागेची छाटणी झाली, आता बायको बघंल. पोरीला कशाला कापायचं?"

दीपकने आईकडे पाहिलं. झुंबर जमिनीकडे बघत होती. खंडेराव मात्र भावाकडे बघायचं सोडून बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. दीपकला वाटलं, आजारामुळे असेल.

"तू कशाला आलास?" खंडेरावांनी विचारलं. आवाज चिरकला.

"आलो. भांडान ऱ्हाऊ दे तसंच. त्याच्यानं काय फरक पडत नाय."

निकिता उठून काकाच्या पायाशी वाकली आणि तिथंच रडू लागली. पाच मिनिटांत सगळं घर सहादूच्या बाजूला झुकलं. दीपकने उद्याचीच वेळ घेतली. योगेशने चहा टाकला. दोघांच्या पहिल्या तपासण्या बरोबरच करू, असं ठरलं, पण निकिता नावापुरती. सगळ्यांनी मनात सहादूलाच धरलं होतं.

*

सहादूला रिपोर्ट वाचता येत नव्हते, माणसाचं तोंड वाचता येत होतं. मालिनीबाईंनी त्याच्याकडे न बघता दोनदा कागद चाळले, तेव्हाच त्याने ओळखलं की आपलं चालत नाही. त्याच्या एका बाजूला दादा बसला होता, दुसऱ्या बाजूला वहिनी.

"सहादूभाऊ, तुमचं यकृत आम्हाला घेता येणार नाही."

"जुळत नाय?"

"तुमच्याही अंगात तोच विषाणू आहे. कावीळ 'बी'चा. बऱ्याचदा तो आईकडून बाळाला जन्माच्या वेळीच जातो. तुमच्या आई पोटात पाणी होऊन गेल्या, असं सर म्हणाले होते. बहुधा त्यांना हेच असणार. त्या काळात गावात कोण तपासत होतं?" त्या थांबल्या. "आणि तुमच्या स्कॅनमध्ये एक गाठ दिसली आहे. दोन सेंटिमीटरची. दुसऱ्या तपासण्यांवरूनही ती कॅन्सरचीच दिसते."

सहादूला पहिल्यांदा वाटलं, या बाई चुकून दादाचाच कागद वाचतायत.

"मला तर काय होत नाय," तो म्हणाला. "परवा दिवसभर औषध मारलं बागेत."

"या आजारात फार उशिरापर्यंत काही होत नाही, तीच तर पंचाईत आहे. पण तुमची गाठ लहान आहे, शिरेपासून लांब आहे. सुईने जाळता येईल. वेळेवर सापडली, म्हणून सोपं आहे." मग बाईंच्या कपाळाला आठी पडली. "पण मला एक कळत नाही. सरांचं ऑपरेशन झालं तेव्हाच मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, मुलं, भाऊ, बहिणी, सगळ्यांची रक्ततपासणी करा म्हणून. मुलांची झाली, लस झाली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

दादाने चष्मा काढून हातात घेतला.

"नाही," दादा म्हणाला. "मी सांगितलं नाही. चिठ्ठी माझ्याकडे होती. आमचं बोलणं बंद होतं. म्हटलं, आपण कशाला फोन करायचा."

सहादूने वहिनीकडे पाहिलं. नऊ वर्षांत वहिनी चोरून का होईना, दिवाळीला फोन करायची. त्याच्या बायकोशी, मंजुषाशी, तर महिन्यातून एकदा बोलायची.

"तुमाला ठाव व्हतं, वहिनी?"

झुंबरने मान हलवली. हो.

"द्यायचं आलं तवा फोन केला तुमी," सहादू सावकाश म्हणाला. "तपासून घे म्हणायला नाय केला."

तो चिडला नाही. चिडायला अंगात काही उरलंच नव्हतं. पिशवी उचलून तो बाहेर पडला. बाहेर थांबलेला दीपक मागून धावत आला, गाडीने सोडतो म्हणाला. सहादूने हाताने नको म्हटलं आणि चालत राहिला. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याने सदऱ्याच्या आत हात घालून उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. कुठेच दुखत नव्हतं.

*

चार दिवसांनी खंडेराव निकिताला म्हणाले, मला सायखेड्याला ने.

ती गाडी चालवत होती. नांदूर नाका मागे पडला. मग अप्पा समोर बघतच म्हणाले, "तुझे रिपोर्ट चांगले आलेत, दीपक म्हणाला."

"हो."

"तरी मला नको. कोणत्या तोंडाने घेऊ? सख्ख्या भावाचा जीव वाचवायला मला एक फोन जमला नाही, निक्के. आणि आता तुझं पोट कापून मी जगू?"

"ही शिक्षा तुम्ही स्वतःला देताय असं तुम्हाला वाटतंय, अप्पा. ती आईला होतेय. मला होतेय."

खंडेरावांनी खिडकीची काच खाली केली.

सहादू बागेत होता. छाटणीनंतरच्या काड्यांना बोटभर पोपटी फूट आली होती आणि तो तारेला काड्या बांधत होता. भाऊ येताना दिसला तरी त्याने हात थांबवला नाही. खंडेराव दोन ओळींमधून सावकाश चालत गेले. निकिता मागेच थांबली, पण वाऱ्याने सगळं ऐकू येत होतं.

"सहादू."

"हं."

"आईच्या वेळी तुझं बरोबर होतं. नऊ वर्षं मला ते ठाऊक होतं. म्हणूनच तुझ्याशी बोलता येईना. आणि त्या चिठ्ठीचं..." ते थांबले, लोखंडी खांबाला धरून उभे राहिले. "त्याला माफी नाही. मी मागतही नाही."

सहादूने आणखी एक काडी बांधली.

"पोरीचं घेतो का नाय?" त्याने विचारलं.

"नाही म्हणालो मी."

"मंग आलास कशाला?" सहादू पहिल्यांदा वळला. त्याचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "माफी मागून मरायचं, अन् मी काय करायचं? मी भांडू कोणाशी? आई गेली, तू चालला, मंग ऱ्हातं कोण माझं? पोर देते म्हणती. तिचा नवरा हो म्हणतो. घे ना मुकाट! जग! मंग ये माझ्यासमोर, मंग मी तुला काय बोलायचं ते बोलतो. मेल्या माणसाला मला बोलता येनार नाय, दादा."

खंडेराव खांबाला धरून तसेच खाली बसले. सहादूने दोरा टाकला आणि तोही शेजारी मातीत बसला. बराच वेळ दोघांच्या पाठी तेवढ्या निकिताला दिसत होत्या. मग अप्पांनी मान वळवून तिला हाक मारली.

"निक्के, मुंबईची तारीख घे."

परतताना ती गाडीत गाणं गुणगुणत होती. नंतर कित्येक दिवस तिला त्या गुणगुणण्याची आठवण नको वाटायची.

मुंबईला दोघांना बरोबरच दाखल करून घेतलं. निकिताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, तिला सांगितलं गेलं की किती भाग घेणार, टाके कुठून कुठे येणार, वेदिकाला किती महिने उचलायचं नाही. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी अप्पांचा नवा स्कॅन झाला. संध्याकाळी तिथले सर्जन खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले. उभ्या उभ्या बोलले असते तर तिला आशा वाटली असती.

गाठ शिरेच्या आत शिरली होती. आता यकृत बदललं तरी रक्तातून गेलेल्या पेशी नव्या यकृतात पुन्हा उगवणार. म्हणून ते करता येत नाही. कापताही येणार नाही. गोळ्या होत्या, सलाईनमधून द्यायची औषधं होती. काही महिने, ते म्हणाले.

"पाच आठवड्यांपूर्वी आलो असतो तर?" निकिताने विचारलं.

"कदाचित. कदाचित तेव्हाही शिरेत असेल आणि दिसली नसेल. खरं सांगतो, मला माहीत नाही."

तिने मनगटावरचा दवाखान्याचा पट्टा काढायचा प्रयत्न केला. तो निघेना. अप्पांनी तिचा हात जवळ घेतला आणि कात्री मागवून पट्टा स्वतः कापला. "तू दिलंस," ते म्हणाले. "मला मिळालं, असंच समज." ती म्हणाली, "असं कसं समजू?" त्यांनी कापलेला पट्टा आपल्या खिशात ठेवला.

*

सहादूची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली. झुंबर म्हणाली, तुम्ही घरी थांबा, पाय सुजलेत, दीपक जाईल. खंडेरावांनी ऐकलं नाही. तिने मग त्यांच्या पायात स्वतः मोजे चढवले आणि तीही बरोबर निघाली. मंजुषासमोर उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण मंजुषाने तिला पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. झुंबर बसली.

परिचारिका कागद घेऊन बाहेर आली. "सहादू खालकरांचं कोण? संमतीपत्रावर जवळच्या माणसाची सही हवी."

मंजुषा उठू लागली. खंडेरावांनी हात पुढे केला. "मंजुषा, मी करू?"

तिने क्षणभर त्यांच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचला. सुई कुठून जाणार, रक्तस्राव होऊ शकतो, गाठ पुन्हा येऊ शकते, पुन्हा करावं लागू शकतं. सगळं वाचलं. मग रुग्णाशी नातं या शब्दांपुढच्या रेघेवर त्यांनी 'मोठा भाऊ' असं लिहिलं. इतकी वर्षं फळ्यावर सरळ रेघ ओढणारा तो हात, पण अक्षर वाकडं आलं.

दीड तासाने मालिनीबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण जळाली होती, कडेची जागाही. काम चांगलं झालं होतं. मंजुषा भिंतीला टेकून रडली आणि झुंबरने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

सहादूला खोलीत आणलं तेव्हा तो अर्धवट जागा होता. खंडेराव पलंगाशेजारी स्टुलावर बसले.

"झालं?" सहादूने विचारलं.

"झालं. सगळी गेली."

"दुखतंय थोडं."

"दुखेल. दोन दिवस दुखेल."

परिचारिकेने पुढच्या तपासणीचं कार्ड दिलं. दर तीन महिन्यांनी स्कॅन, न चुकता, तिने बजावलं. रोजची गोळीसुद्धा न चुकता. खंडेरावांनी कार्ड घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्यावर ठेवून महिने लिहू लागले. मार्च. जून. सप्टेंबर. डिसेंबर. डिसेंबरनंतर पुढच्या वर्षाचा मार्चही लिहिला. लिहून झाल्यावर त्यांनी पहिल्या मार्चवर बोट ठेवलं.

"मार्चला मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "जूनचं दीपकला सांगून ठेवतो."

सहादू छताकडे बघत होता. मग चादरीखालून त्याचा हात बाहेर आला, खंडेरावांच्या मनगटापर्यंत पोचला आणि तिथंच घट्ट धरून राहिला.

"मार्चला आदल्या दिशी घरी मुक्कामाला ये, लवकर निघू," तो म्हणाला. "सकाळच्या पहिल्या गाडीनं."